बुलेटचं तेल गेलं कुठं? सहा आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीचं प्रकरण

गाडी १९८९ ची स्टँडर्ड ३५०. कास्ट आयर्न इंजिन, म्हणजे सिलेंडर बिडाचा; उजव्या पायाला गियर, डाव्या पायाला ब्रेक. आण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी नवी घेतलेली आणि आजपर्यंत घरातच आहे. गाडी साताऱ्याला ओसरीत असते, मी पुण्यात, त्यामुळे महिन्या-दीड महिन्यातून एकदा फिरवणं होतं. आण्णा आता स्वतः चालवत नाहीत, गुडघ्यामुळे किक मारता येत नाही त्यांना, पण दर रविवारी फडकं मारतात आणि टायरची हवा बघतात.

ज्यांच्याकडे ही जुनी इंजिनं आहेत त्यातल्या खूप जणांना चुकीच्या कामापायी हजारो रुपये घालवताना बघितलंय मी, आणि मी पण थोडक्यात वाचलो, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

जुलैचा शेवट होता, गाडी सहा आठवडे उभी होती. मी गेलो, मेन स्टँडवर घेतली आणि नेहमीच्या सवयीने चालू करायच्या आधी डिपस्टिक काढून पुसली, परत घातली, काढली, तर काडी कोरडी. टोकाला थोडा ओलसरपणा, बाकी काही नाही. खाली फरशीवर बघितलं तर दोन-तीन डाग होते जुनेच, तेवढं तर प्रत्येक बुलेट टाकतेच. मग तेल गेलं कुठं? त्या वेळी डोक्यात एकच आलं की मागच्या वेळी जाळलं असणार आणि आपण बघितलं नाही. बाजारात जाऊन २०डब्ल्यू५० चा एक लिटरचा डबा आणला आणि जवळपास सगळा ओतला, काडीवर वरच्या खुणेपर्यंत आलं, मी समाधानी.

मग किक. अँपिअरचा काटा मधे आणला, डिकम्प्रेसर (सिलेंडरमधला दाब सोडणारी दांडी) दाबून पिस्टन थोडा पुढे घेतला, आणि किक खाली दाबताना पायाला कळलं की काहीतरी वेगळं आहे. एरवी कॉम्प्रेशनला पाय अडतो आणि मग मोकळा होतो, इथे सुरुवातीपासूनच आत दाट पिठलं ढवळावं तसं जड लागत होतं. पाचव्या-सहाव्या किकला गाडी चालू झाली आणि सायलेन्सरमधून निळसर पांढरा धूर असा निघाला की समोरच्या घरातल्या काकू खिडकी लावायला आल्या. चार-पाच मिनिटं थांबलो, धूर कमी होईना. मग मागे बघितलं तर ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, पाईपमधून तेल थेंब थेंब नाही, चक्क पिचकारी मारल्यासारखं बाहेर पडत होतं आणि मागच्या टायरच्या कडेवर ओघळ आला होता. लगेच बंद केली. त्या टायरवर मी गाडी रस्त्यावर काढली असती तर पहिल्याच वळणाला आडवा झालो असतो, हे आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी टायर रॉकेल आणि साबणाने धुऊन गाडी ढकलत जवळच्या एका गॅरेजला नेली. तिथल्या माणसाने धूर बघितला, प्लग काढला, प्लग तेलाने ओला काळा, आणि निकाल दिला की रिंगा (पिस्टनवरच्या, सिलेंडरच्या भिंतीवरचं तेल खरवडणाऱ्या) गेल्यात, बोअर करावा लागेल, पिस्टन नवा, व्हॉल्व्हचे गाईड पण बघू, वीस हजार धरून चला. एकही प्रश्न विचारला नाही की गाडी किती दिवस उभी होती, तेल किती घातलं. मी आण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "मागच्या दिवाळीला कासला जाऊन आलास की रे तू, तेव्हा धूर होता का?" नव्हता. चढाला पण काही नव्हतं. उभ्या गाडीच्या रिंगा जातात का हो कुठे?

आमच्या आळीत तात्या म्हणून आहेत, एस.टी.च्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. ते संध्याकाळी ओसरीवर आले, पहिलं काय केलं तर इंजिनाच्या खाली वाकून हात फिरवला, मग मला म्हणाले, "लेका, त्याल जळालं न्हाई, हितंच हाय. वरनं खाली गेलंय नुसतं."

हे वाक्य समजून घ्यायला आत काय आहे ते माहीत पाहिजे, म्हणून इथे थोडं थांबतो.

आपल्या रोजच्या स्प्लेंडर-शाईनसारख्या गाड्यांमध्ये तेल क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, तळाशीच असतं, तिथूनच पंप उचलतो, तिथेच परत पडतं. काडी दाखवते ते सगळं तेल. कास्ट आयर्न बुलेटचं तसं नाही. ही ड्राय संप गाडी आहे, म्हणजे तेलाची टाकी वेगळी आणि फ्लायव्हील फिरतं ती जागा वेगळी. त्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांना ही टाकी सीटखाली वेगळी लावलेली असायची, रॉयल एनफिल्डने ती इंजिनाच्या ओतकामातच, फ्लायव्हीलच्या मागे बसवली. बाहेरून एकच इंजिन दिसतं म्हणून भल्याभल्यांचा गोंधळ होतो. १९५५ पासून मद्रासला ही गाडी बनायला लागली आणि कास्ट आयर्न इंजिन बंद होईपर्यंत ही रचना तशीच राहिली.

टायमिंग कव्हरमध्ये, म्हणजे उजव्या बाजूला, दोन पंप असतात. एक टाकीतलं तेल उचलून फिल्टरमधून बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगला) पाठवतो, दुसरा फ्लायव्हीलच्या तळाशी साठलेलं तेल उचलून परत टाकीकडे फेकतो. परत पाठवणारा पंप जास्त क्षमतेचा ठेवलेला आहे, जेणेकरून गाडी चालू असताना तळ कोरडाच राहावा. आणि या पंपांमध्ये बॉल व्हॉल्व्ह वगैरे काही नाही, एक स्टीलची चकती आहे, तिला भोकं, ती कव्हरच्या ॲल्युमिनियमच्या सपाट जागेवर स्प्रिंगने दाबून बसवलेली असते आणि मागे-पुढे हलत भोकं उघडते-बंद करते. धातूवर धातू, मधे फक्त तेलाचा पापुद्रा. गाडी बंद केली की टाकीतलं तेल वर आणि तळ खाली, मग त्या चकतीच्या फटीतून तेल हळूहळू पाझरत खाली उतरतं. गाडी नवी असेल तर महिनोन्‌महिने लागतात, चकती घासलेली असेल तर काही दिवसांत. याला सगळे वेट संपिंग म्हणतात.

म्हणजे माझ्याकडे झालं ते असं. टाकीतलं तेल तळाला उतरलं, काडी कोरडी दिसली, मी वरून अजून एक लिटर घातलं. फ्लायव्हील तेलात बुडून फिरायला लागली, रिंगांनी किती खरवडणार, तेल वर चढलं, जळलं, धूर झाला, आणि जे मावेना ते ब्रीदरने बाहेर टाकलं. इंजिनात बिघड काहीच नव्हता त्या दिवशी, जास्तीचं लिटरभर तेल होतं.

पण तात्यांनी सांगितलं म्हणून मान्य करायचं नव्हतं मला, मोजायचं होतं. पुढच्या शनिवारी, दहा दिवसांनी, परत गेलो. इंजिनाच्या खाली ड्रेनचे बोल्ट आहेत, टाकीचा वेगळा आणि फ्लायव्हीलच्या तळाचा वेगळा. ऑइल बदलताना खूप जण फक्त टाकीचा खोलतात आणि जुनं काळं तेल तळात तसंच राहतं, नवीन ऑइल दोन दिवसांत काळं झालं म्हणून दुकानदाराला बोल लावतात. मी दोन्ही वेगवेगळ्या भांड्यात काढले आणि पाण्याच्या लिटरच्या बाटलीने मोजले. तळातून निघालं सव्वा लिटर. टाकीतून सुमारे १.६५ लिटर. एकूण २.९ लिटर, आणि या इंजिनाचं पूर्ण माप आहे सव्वादोन लिटर. ब्रीदरने टाकलेलं वेगळंच. हिशोब जुळला.

तरी एक शंका उरते आणि ती महत्त्वाची आहे. तळात तेल साठतंय ते उभ्या गाडीत पाझरून, की परत पाठवणारा पंपच नीट चालत नाही म्हणून? दोन्हीत धूर तोच, पण दुसऱ्या प्रकारात गाडी चालवणं धोक्याचं. याची परीक्षा एकदम सोपी आहे. नवीन तेल घातलं, गाडी दहा मिनिटं चालवून गरम केली, बंद केल्या केल्या तळाचा बोल्ट खोलला. चहाच्या एका कपाएवढं तेल आलं, बस. म्हणजे परतीचा पंप चोख आहे, चालू असताना तळ कोरडा राहतोय, जे काही होतंय ते गाडी उभी असताना होतंय. गॅरेजमध्ये ही परीक्षा कोणी केली असती तर अर्ध्या तासात विषय संपला असता. आणि त्या दहा मिनिटांत धूर सुरुवातीला थोडा होता, नंतर पूर्ण थांबला. रिंगांचा धूर गरम झाल्यावर थांबत नाही.

अजून एक बघितलं, क्लच केसची लेव्हल. या गाडीत तीन तेलं वेगवेगळी असतात: इंजिनाचं, प्रायमरी चेनच्या केसचं आणि गियरबॉक्सचं. तळ भरून राहिला तर डाव्या बाजूच्या सीलमधून तेल क्लच केसमध्ये जाऊ शकतं आणि मग क्लच घसरतो. केसवर लेव्हलचा स्क्रू आहे, तो काढला तर दोन थेंब आले आणि थांबले. सील ठीक.

आता प्रत्यक्ष काम. तेल बदलायचं तर फिल्टर पण बदलायचाच होता. टायमिंग कव्हरच्या खालच्या भागात आडव्या भोकात नमद्याची गुंडाळी असते तोच फिल्टर. झाकण काढलं की स्प्रिंग, वॉशर, मग फिल्टर, सगळं ज्या क्रमाने निघतं त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवलं आणि फोटो काढला. जुना फिल्टर हातात घेतला तर दगड झाला होता, दाबला तर वाकेना, आणि घड्यांमध्ये चांदीसारखी बारीक चमक होती, ती कव्हरच्या ॲल्युमिनियमची. तात्यांनी ती चमक नखावर घेऊन उन्हात धरली आणि म्हणाले, "हे तुझ्या चकतीनं खाल्लंय."

म्हणून पंप खोलले. त्याला टायमिंग कव्हर काढावं लागत नाही, पंपांची स्वतःची छोटी झाकणं आहेत, पण आधी टाकी रिकामी पाहिजे नाहीतर सगळं तेल पायावर. झाकण, स्प्रिंग, चकती, प्लंजर. तेल पाठवणाऱ्या पंपाच्या चकतीवर गोल गोल रेघा होत्या, नख फिरवलं की अडकत होतं. परतीच्या पंपाची बरीच बरी होती.

चकती सपाट करायला मी जाड काच घेतली, जुन्या कपाटाच्या दाराची, त्यावर हजार नंबरचा पाणपेपर तेल लावून ठेवला आणि चकती बोटांनी हलकी दाबून इंग्रजी आठच्या आकारात फिरवली. दर वीस फेऱ्यांनी चकती थोडी वळवून धरायची, म्हणजे बोटाचा जोर एकाच बाजूला पडत नाही. मग पंधराशे नंबर. मार्करने चकतीवर काळं केलं की कळतं कुठे घासलं जातंय आणि कुठे खड्डा राहिलाय, सुरुवातीला कडेचाच शाईचा पट्टा गेला आणि मधला काळा तसाच, पाऊण तासाने सगळीकडून एकसारखी राखाडी झाली. कव्हरच्या बाजूला मी व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावणार होतो पण तात्यांनी हात धरला. ती रवाळ पेस्ट मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसते आणि नंतर तीच चकतीला कायम खात राहते. त्याऐवजी पितळेची भांडी चमकवायचं पातळ पॉलिश, चकतीनेच हाताने हलकं फिरवलं, आणि मग पेट्रोलने, ब्रशने, परत पेट्रोलने धुतलं. धुण्यातच जास्त वेळ गेला आणि तो जायलाच पाहिजे, कारण या पंपातून पुढे जे जाईल ते थेट बिग एंडला जातं.

स्प्रिंग नव्या टाकल्या. जुनी स्प्रिंग ताणून लांब करायचा सल्ला एकाने दिला होता, तो मी ऐकला नाही, ताणलेली स्प्रिंग चार दिवसांत परत बसते. कागदाची पॅकिंग नवी. आणि झाकण लावायच्या आधी पंपाच्या पोकळीत तेल भरलं, कारण कोरडा पंप तेल ओढायला वेळ लावतो.

ड्रेनच्या बोल्टांबद्दल दोन शब्द, कारण इथे लोक गाडीचं खरं नुकसान करतात. केस ॲल्युमिनियमची, बोल्ट स्टीलचा. लांब पाना लावून जोर केला की आटे गेलेच, मग मोठा बोल्ट टॅप करा नाहीतर केस वेल्डिंगला न्या. बोल्ट पहिले तीन-चार आटे हातानेच बसला पाहिजे, हाताने अडला तर तो तिरका आहे. कॉपरचे वॉशर जुने वापरायचे असतील तर गॅसवर लाल तापवून पाण्यात टाकायचे, परत मऊ होतात आणि मग कमी जोरात पण बसतात, गळत नाहीत. आण्णांना हे आवडलं, त्यांनी चिमट्याने एकेक वॉशर तापवून दिला मला स्वयंपाकघरात उभं राहून.

तेल भरताना आधी फिल्टरच्या भोकात ऑइलकॅनने जेवढं मावेल तेवढं घातलं, मग टाकीत दोन लिटर, पूर्ण नाही. प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून पन्नासेक किक मारल्या, म्हणजे तेल पुढे सरकतं आणि कॉम्प्रेशन नसल्यामुळे बेअरिंगवर ताण नाही. मग प्लग लावून चालू केली आणि लगेच कव्हरवरचा फीड प्लग, म्हणजे पंपाचं तेल पुढे पोचतंय का ते दाखवणारा बोल्ट, थोडा सैल केला. पंधरा-वीस सेकंद काहीच नाही, तेवढ्यात माझा हात इग्निशनच्या चावीकडे गेला होता, आणि मग आधी बुडबुडे आणि पाठोपाठ स्वच्छ मधासारखं तेल फुटलं. आवळला. हेडकडे जाणाऱ्या रॉकरच्या पाईपचा वरचा बोल्ट पण किंचित ढिला करून बघितला, तिथे पण ओलं झालं. या दोन जागा बघितल्याशिवाय फिल्टर बदललेली कास्ट आयर्न बुलेट रस्त्यावर काढू नये, असं माझं ठाम मत आहे. आत हवा अडकली तर बिग एंड कोरडा फिरतो, आणि बिग एंड गेला की खर्च किती ते विचारू नका.

पाच किलोमीटर फिरवून आणली, मेन स्टँडवर सरळ उभी केली, दोन मिनिटं थांबलो, आणि मग काडी बघून उरलेलं तेल घातलं. या गाडीची काडी बघायची वेळ हीच. थंड गाडीची, रात्रभर उभ्या गाडीची काडी बघून तेल घालायचंच नाही. आण्णा गेली तीस वर्षं चालवून आल्यावरच बघायचे, मला ते नुसतं त्यांचं वेळापत्रक वाटायचं.

खर्च सांगतो: अडीच लिटर ऑइल, फिल्टर, दोन स्प्रिंग, पॅकिंगचा सेट, पाणपेपर, सगळं मिळून १,४०० च्या आत. दोन शनिवार गेले. जळकं ऑइल लोक गटारात ओततात किंवा कुंपणाच्या लाकडाला फासतात, मी कॅनमध्ये भरून सर्व्हिसिंग सेंटरवाल्याकडच्या पिंपात दिलं, त्यांच्याकडून ते उचलायला माणूस येतो. आमच्या विहिरीचं पाणी आम्हीच पितो.

तेल कुठलं हा प्रश्न येणारच म्हणून: २०डब्ल्यू५०, साधं मिनरल. या इंजिनात क्लच वेगळ्या केसमध्ये असल्याने इंजिन ऑइलमुळे क्लच घसरायची भीती नाही, पण महागडं पातळ सिंथेटिक घातलं तर त्या चकतीच्या फटीतून ते अजून लवकर उतरेल. थोडं जाड तेल आणि दर दोन हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा बदल, जे आधी होईल ते.

आता निकाल. घासण्याआधी, नवीन तेल घालून एक आठवडा गाडी उभी ठेवली होती मुद्दाम, आठव्या दिवशी काडी खालच्या खुणेच्या पण खाली होती. घासल्यानंतर आठव्या दिवशी फरक जवळपास नाही. चोवीस दिवसांनी दोन खुणांच्या मध्यावर. म्हणजे पाझर बंद झाला नाही, कमी झाला. कव्हरच्या बाजूची जागा पण मशीनवर सपाट करून घेतली तर अजून सुधारेल असं तात्या म्हणतात, ते काम कव्हर उतरवावं लागेल तेव्हा, आत्ता घाई नाही. पाचशे किलोमीटर चालवून मोजलं तर तेल कमी झालं सव्वाशे मिली. या वयाच्या इंजिनाला हे चालतं, रिंगांना मी हात लावलेला नाही.

महिन्याच्या वर गाडी उभी असेल तर आता चालू करायच्या आधी तळाचा बोल्ट खोलून तेल स्वच्छ भांड्यात घेतो आणि जाळीतून गाळून परत टाकीत ओततो. घाई असेल तर तसंच किक मारून तीन मिनिटं आयडलला ठेवतो, पंप आपोआप परत नेतो, थोडा धूर होतो तो होऊ द्यायचा, पण वरून तेल मात्र घालायचं नाही. समोरच्या काकूंना आधी सांगून ठेवतो.

मी नसताना आण्णा दर रविवारी फडकं मारून झालं की काडी काढून बघतात आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलने लिहितात. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा चार रविवार लिहिलेले होते: "वरच्या खुणेला", "तेवढंच", "एक रेघ खाली", "अर्धं. घातलं नाही."